कोरांटी : नाव आणि निगा

वनस्पतींची नावे हा भाषेच्या शब्दसंपत्तीचा असा एक विभाग आहे की, ज्यात शब्द आणि वस्तू यांची फारकत झाली असता तिचा परिणाम केवळ कोशापुरता मर्यादित राहत नाही. एखाद्या अमूर्त शब्दाचा अर्थ सैल झाला, तर वादविवादास थोडा अधिक अवकाश मिळतो, इतकेच. परंतु झाडाचे नाव सैल झाले, तर भलतेच रोप भलत्याच जागी लावले जाते आणि भलत्याच रीतीने जोपासले जाऊन मरते. या दृष्टीने कोरांटी हे एक उत्तम उदाहरण आहे. हे झुडूप मराठी प्रदेशात सर्वत्र परिचित आहे, त्याच्या नावाचा इतिहास प्राकृतापर्यंत नेता येतो आणि दीर्घ अवर्षण सोसण्याची त्याची क्षमता प्रसिद्ध आहे. तरीही 'कोरांटी' म्हणून आणलेली रोपे पुष्कळदा दगावतात. याचे एक कारण मातीत आहे आणि दुसरे भाषेत. प्रस्तुत लेखात तारापूरचा किनारा दृष्टीसमोर ठेवून या दोन्ही कारणांचा एकत्र विचार केला आहे.

१. प्रदेश

तारापूर हे पालघर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव होय. उत्तरेस खाडीपलीकडे डहाणू तालुक्यातील चिंचणी आहे आणि पूर्वेस पश्चिम रेल्वेवरील बोईसर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा स्वतंत्र जिल्हा निघाला, तेव्हापासून हा भाग त्यात मोडतो. किनाऱ्यालगत पुळणवट, तिच्यामागे वाड्या, त्यांच्यामागे खाडीच्या अंगाने खार जमीन आणि पूर्वेकडे चढत गेलेली मुरमाड माळजमीन, असा येथील भूमीचा सामान्य क्रम आहे.

येथे वर्षाकाठी सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा पाहून 'अवर्षण सोसणारी वनस्पती' हा शब्दप्रयोग या प्रदेशास अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु यांपैकी बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. रेताड जमिनीत पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते. म्हणजे येथील वनस्पतीस एकाच वर्षात अतिवृष्टी आणि अवर्षण या दोन्ही परीक्षांतून जावे लागते. दख्खनच्या पठारावर जे झुडूप केवळ कोरडेपणा सोसून तरते, त्याला तारापुरात आषाढातील पाणीही सोसावे लागते. कोरांटीच्या निगेचा सारा प्रश्न या एका भेदात साठवलेला आहे.

यास आणखी एक अंग आहे. तारापूर अणुवीज केंद्रातून १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे बोईसरलगत मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. वस्ती वाढली, तशी घरांपुढील बागांचीही वाढ झाली. या परिसरास पाणी पुरविणाऱ्या सूर्या प्रकल्पाकडे शेती, उद्योग आणि वसई-विरार, मीरा-भाईंदर ही शहरे अशा सर्वांचीच मागणी असते. अशा स्थितीत हिरवळ आणि परदेशी शोभेची झाडे यांवर उन्हाळ्यात रोज पाणी ओतणे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. स्वतःच्या बळावर आठ कोरडे महिने काढणाऱ्या देशी फुलझाडाचे महत्त्व येथे आपोआप सिद्ध होते.

२. वनस्पती

ज्या कोरांटीचा येथे मुख्यतः विचार आहे, ती पिवळी किंवा काटेकोरांटी. तिचे शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस असे असून तिचे कुल अडुळसा आणि अबोली यांचे, म्हणजे अ‍ॅकँथेसी, हे होय. लिनीयसने १७५३ मध्ये हे नाव रूढ केले. त्यातील पहिले पद सतराव्या शतकातील बारलिए या फ्रेंच डॉमिनिकन वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ आहे. दुसरे पद 'करवत' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. मराठी माळ्याला जे लक्षण प्रथम बोचले, तेच युरोपीय शास्त्रज्ञालाही प्रथम दिसले, असे यावरून म्हणता येईल.

झुडूप साधारणतः दीड मीटरपर्यंत वाढते आणि बुडापासून फांद्या धरते. पाने समोरासमोर, लंबवर्तुळाकार आणि टोकास बारीक कुसळासारखी असतात. प्रत्येक पेरावर पानाच्या बगलेत तीन-चार तीक्ष्ण काट्यांचा झुबका असतो. फुले पिवळी किंवा नारिंगी छटेची, देठरहित आणि गंधहीन; खाली एकेकटी, तर फांदीच्या शेंड्याकडे दाट कणसात येतात. निदलपुंजाची चार दले असमान असतात : बाहेरची दोन मोठी व आतली दोन लहान. हे साऱ्या प्रजातीचेच लक्षण आहे. फळ चोचीसारख्या टोकाचे, दोन बियांचे असते आणि पिकल्यावर तडकून बी दूर फेकते. बियांवर अंगाला चिकटलेले रेशमी केस असतात. ओल लागताच ते फुगून चिकट होतात आणि बी जमिनीला धरून राहते. पहिल्या पावसात वाहून न जाण्याची ही व्यवस्था निगेच्या दृष्टीनेही ध्यानात घेण्याजोगी आहे.

कोकणात बहराचा काळ सामान्यतः पाऊस ओसरल्यापासून हिवाळ्यापर्यंतचा. पावसाळ्यात साठवलेल्या बळावर कोरड्या ऋतूच्या आरंभी फुलायचे आणि उन्हाळ्यात पाने कमी करून तग धरायचा, असा तिचा वार्षिक क्रम आहे. ज्या माळ्याला हा क्रम कळला, त्याला निगेचे पाऊण ज्ञान झाले असे समजावे.

मुंबई इलाख्यातील या कुलाचा पद्धतशीर अभ्यास फादर सांतापाव यांनी केला. मुंबई विद्यापीठाने तो १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. या प्रजातीच्या अनेक जाती महाराष्ट्रात आढळतात. त्यांपैकी बार्लेरिया गिब्सनाय ही केवळ याच भूमीची मानली जाते. 'कोरांटी' या एका नावाखाली किती विविधता दडलेली आहे, हे यावरून दिसून येईल.

३. नावाचा प्रवास

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात या वनस्पतींची नावे रंगानुसार विभागलेली आहेत. सैरेयक आणि झिण्टी ही सामान्य नावे. त्यातील तांबड्या फुलाचा कुरबक, पिवळ्याचा कुरण्टक आणि निळ्याची बाणा, दासी किंवा आर्तगल. म्हणजे संस्कृत कोशकाराच्या व्यवस्थेत रंग हा विशेषणात नसून नामातच होता. 'कुरण्टक' म्हटले की पिवळेपणा निराळा सांगावा लागत नसे.

मराठी 'कोरांटी' ही या पिवळ्या कुरण्टकाची वंशज होय. मधला दुवा प्राकृतात स्पष्ट सापडतो. अर्धमागधी आगमांत राजांच्या वर्णनात त्यांच्या छत्राला कोरंट फुलांच्या माळा लावलेल्या असल्याचा उल्लेख वारंवार येतो. येथे 'कु'चा 'को' झालेला आहेच. त्यापुढील पायरी मराठीच्या नित्य नियमाची आहे : अनुनासिकयुक्त जोडाक्षरापूर्वीचा ऱ्हस्व स्वर मराठीत दीर्घ होतो. दन्त-दात, पञ्च-पाच, कण्टक-काटा, त्याच न्यायाने कोरंट-कोरांटी. शेवटची 'ई' ही जाई, जुई, शेवंती, अबोली या मालिकेत बसणारी आहे. एक भेद मात्र नोंदण्यासारखा आहे. 'कांटा' या शब्दातील अनुस्वार उच्चारातून गेला होता, म्हणून १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी तो लेखनातूनही काढून टाकला. कोरांटीतील अनुनासिक उच्चारात टिकून आहे, म्हणून त्याला लेखनातही जागा राहिली. एकाच घडणीच्या दोन शब्दांचे असे दोन निकाल लागले.

शेजारच्या भाषांनी मात्र दुसरी वाट धरली. हिंदीत हे झुडूप 'कटसरैया' आहे आणि गुजरातीत 'कांटाशेळियो' किंवा 'कांटासेरियो'. दोहोंत काटा आहे आणि त्याच्या पुढे जो अंश आहे, तो सैरेयकाशी जुळतो. तारापुराच्या उत्तरेस तलासरी ओलांडली की गुजरात सुरू होतो. म्हणजे एकाच झुडपासाठी एका बाजूस कुरण्टकाची आणि दुसऱ्या बाजूस सैरेयकाची संतती नांदते आहे. दक्षिणेकडे तमिळमध्ये 'सेम्मुळ्ळि' हे नाव आहे; त्यातही 'मुळ्', म्हणजे काटा, हाच प्रधान आहे. तेलुगूत 'गोरिंट' म्हणजे मेंदी, आणि आपली काटेकोरांटी ती 'मुळ्ळगोरिंट', म्हणजे काट्यांची मेंदी. कन्नडमध्येही 'गोरंटि' हा शब्द मेंदी आणि कोरांटी या दोघींच्या वाट्याला येतो. यावरून एक गोष्ट लक्षात येते : जेथे मूळ नाम दोन वनस्पतींत वाटले गेले, तेथे भाषेने काट्याचे विशेषण जोडून भेद पुन्हा प्रस्थापित केला.

मराठीत जे घडले, ते अर्थविस्ताराचे उदाहरण होय. बाणा, दासी, आर्तगल ही नावे लोकव्यवहारातून गेली. पिवळ्याचे नाव साऱ्या प्रजातीला मिळाले आणि मग पांढरी कोरांटी, निळी कोरांटी, पिवळी कोरांटी असे विशेषणांनी भेद करावे लागले. नामात असलेला रंग विशेषणात गेला. आणि विशेषण हे बोलताना सहज गळणारे असते. रोपवाटिकेत नुसती 'कोरांटी' मागितली असता हाती काय येईल, याचा निश्चय राहत नाही.

पुष्कळदा हाती येते ती बार्लेरिया क्रिस्टाटा. तिची फुले पांढरी, गुलाबी किंवा जांभळी असतात. पेरावर काट्यांचा झुबका नसतो. फक्त निदलाच्या कडा दातेरी व बोचऱ्या असतात. तिला अर्धी सावली मानवते आणि ओलावा थोडा अधिक लागतो. ही दोन झुडपे एकाच नावाने ओळखली गेली की पिवळीची निगा पांढरीला आणि पांढरीची पिवळीला केली जाते. पहिली चूक उन्हाळ्यात कळते, दुसरी पावसाळ्यात. इंग्रजीतही या दुसऱ्या जातीच्या नावाची गत बरी नाही : तिला 'फिलिपाइन व्हायोलेट' म्हणतात, परंतु ती मूळची फिलिपाइन्सची नाही आणि व्हायोलेटच्या कुलातलीही नाही.

कुरबकाविषयीही सावधगिरी आवश्यक आहे. कोशाच्या आधारे कुरबक म्हणजे तांबडी कोरांटी असे समीकरण मांडले जाते. परंतु कालिदासादी कवींचा कुरबक हा वसंतात फुलतो; मेघदूतात अलकेतील स्त्रियांच्या केशरचनेत प्रत्येक ऋतूचे एकेक फूल येते, त्यात वसंताच्या जागी कुरबक आहे. कोरांटीचा बहर शरद आणि हेमंत यांतला. ऋतूचा हा विरोध लक्षात घेतला, तर काव्यातील प्रत्येक कुरबकास कोरांटी मानणे धाडसाचे ठरेल. वनस्पतीची ओळख शब्दसाम्याने नव्हे, तर रूप, स्थान आणि ऋतू या तिन्हींच्या मेळाने पटवावी लागते.

४. लागवड

काटेकोरांटीसाठी जागा निवडताना पहिली कसोटी निचऱ्याची, दुसरी उन्हाची. दिवसातील निदान सहा तास थेट ऊन मिळावे. तारापुरातील रेताड किंवा मुरमाड जमीन तिला चांगली मानवते. खार जमिनीत आणि पावसाचे पाणी साचणाऱ्या सखल जागी ती लावू नये. जमीन चिकट असेल, तर वीत-दीड वीत उंचीचा बांध घालून त्यावर लागवड करावी. समुद्राच्या तोंडावर खाऱ्या वाऱ्याचा थेट मारा असेल, तर पहिली ओळ दुसऱ्या झाडांची असावी आणि कोरांटी तिच्या आडोशाने लावावी.

रोपे बियांपासून किंवा छाट कलमांपासून करता येतात. बी धरावयाचे असल्यास फळे तपकिरी होऊ लागताच कणसावर पातळ कापडाची पिशवी बांधावी. एरवी फळ तडकून बी हातचे जाते. हिवाळ्यात धरलेले बी मेअखेर वाळूमिश्रित मातीत उथळ पेरावे. छाट कलमे मृगाचा पाऊस लागल्यावर घ्यावीत. गेल्या वर्षीची, धड कोवळी नाही आणि धड जून नाही अशी फांदी घेऊन तिचे १२ ते १५ सेंटीमीटर लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे करावेत. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्यावा, खालची पाने काढावीत आणि दोन पेरे मातीत जातील असे तुकडे पिशवीत लावून सावलीत ठेवावेत. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात.

रोपे कायम जागी लावण्यासाठी श्रावणातील उघडीप योग्य. आषाढातील संततधारेत लावलेल्या कोवळ्या रोपाची मुळे कुजण्याचा संभव असतो; पाऊस संपल्यावर लावलेले रोप उन्हाळ्यापूर्वी पुरेसे खोल रुजत नाही. खड्डा ३० सेंटीमीटर लांब, रुंद व खोल असावा आणि तो निघालेली माती व थोडे कुजलेले शेणखत यांनी भरावा. कुंपणासाठी दोन रोपांत ४५ सेंटीमीटर अंतर ठेवावे. कुंपण दाट हवे असल्यास दोन ओळी अशा लावाव्यात की, एका ओळीतील रोप दुसऱ्या ओळीतील दोन रोपांच्या मधोमध येईल.

५. निगा

पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यापासून आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे पाणी देण्याची सवय येथे घातक आहे. तिच्यामुळे मुळे वरच्या थरातच घुटमळतात आणि वैशाखात तो थर तापला की झाड मान टाकते. आळ्यात वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालावे, मात्र ते बुंध्याला टेकू देऊ नये. दुसऱ्या वर्षी पाण्याची पाळी पंधरवड्यावर न्यावी. तिसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाला सहसा पाणी द्यावे लागत नाही. उन्हाळ्यात काही पाने पिवळी पडून गळणे हे रोगाचे लक्षण नसून झाडाच्या काटकसरीचे लक्षण आहे. त्या वेळी घाबरून पाणी ओतू नये. कुंडीतील झाडाला हा नियम लागू नाही. त्याला वरची माती कोरडी झाली की पाणी हवे.

पावसाळ्यातील निगा म्हणजे मुख्यतः पाणी काढून देणे. आळी मोडून माती बुंध्यापासून बाहेरच्या बाजूस उताराची करावी. आच्छादन या काळात दूर सारावे. पाने सर्वत्र पिवळी पडून खोड बुडाशी मऊ लागत असेल, तर ते तहानेचे नव्हे, साचलेल्या पाण्याचे चिन्ह समजावे. उन्हाळ्यातील पिवळेपणा आणि पावसाळ्यातील पिवळेपणा दिसावयास सारखे, पण अर्थाने विरुद्ध आहेत.

छाटणी बहर संपल्यावर, म्हणजे माघ-फाल्गुनात करावी. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून श्रावणानंतर छाटल्यास त्या वर्षीचा बहर बुडतो. रोप ३० सेंटीमीटर उंच झाले की शेंडा खुडावा. त्यामुळे बुडापासून फांद्या फुटतात. जुन्या झाडाच्या फांद्या एक तृतीयांशाने कमी कराव्यात. पाच-सहा वर्षांनी कुंपण बुडाशी उघडे पडू लागले, तर जमिनीपासून वीतभर ठेवून सारे कापावे. नवी फूट येते. काटे पेरांवर असतात, म्हणून फांदी दोन पेरांच्या मध्ये धरावी आणि जाड हातमोजे वापरावेत.

खत वर्षातून एकदा, पावसाच्या आरंभी, ओंजळभर शेणखत इतके पुरे. नत्राचा अतिरेक झाला, तर पाने वाढतात आणि फुले कमी येतात. पिठ्या ढेकूण आणि कोळी यांचा उपद्रव उन्हाळ्यात कधी कधी होतो; पाण्याचा जोरदार फवारा आणि कीड लागलेले शेंडे कापणे हे उपाय प्रथम करावेत. पाने खाणाऱ्या प्रत्येक अळीला शत्रू मानण्याचे कारण नाही. जुनोनिया प्रजातीतील काही फुलपाखरांच्या अळ्या याच पानांवर वाढतात.

६. उपयोग आणि मर्यादा

किनाऱ्यावरील वाडीभोवतीच्या वईसाठी कोरांटी सोयीची आहे. जनावर तिच्यातून शिरत नाही आणि हिवाळ्यात तीच वई फुलाचीही होते. फुले पूजेला आणि माळेला चालतात. दात-हिरड्यांच्या दुखण्यावर पाने चघळण्याची रूढी जुनी आहे आणि 'वज्रदंती' हे नाव त्या रूढीतून आले आहे. या वनस्पतीतून बार्लेरिन आणि अ‍ॅसिटिलबार्लेरिन ही द्रव्ये वेगळी करण्यात आली आहेत. तथापि त्यावरून घरगुती औषधोपचारास परवाना मिळाला, असे समजू नये.

तिच्या चिवटपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शोभेसाठी ऑस्ट्रेलियात नेलेली हीच काटेकोरांटी तेथील उत्तर भागात मोकाट पसरली आणि उपद्रवी तण म्हणून गणली गेली. देशी ही संज्ञा झाडाच्या गुणाची नसून झाडाच्या आणि भूमीच्या नात्याची आहे, हे यावरून स्पष्ट होते. येथेही कुंपणाबाहेर उगवलेली रोपे वेळीच उपटावीत.

७. नावांचे संकलन

तारापूर परिसरात प्रमाण मराठीबरोबर वाडवळी, मांगेली आणि वारली या बोली बोलल्या जातात. कुंपणांच्या जागी भिंती येत आहेत आणि झाड डोळ्यांआड झाले की त्याच्या भेदांची नावे प्रथम जातात. सामान्य नाव काही काळ उरते. म्हणून या बोलींतील वनस्पतिनामे जमविण्याचे काम जो विद्यार्थी हाती घेईल, त्याने केवळ शब्दसूची घेऊन फिरू नये. 'कोरांटीला तुम्ही काय म्हणता?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'कोरांटी' असेच येईल. फुललेली फांदी पुढे धरून 'हे काय?' असे विचारावे. पिवळी आणि पांढरी दोन्ही दाखवाव्यात. भेद नामाने केला जातो की विशेषणाने, हे टिपावे. स्थळ आणि महिना लिहावा. आणि नमुना वाळवून, दाबून वनस्पतिशास्त्र विभागाकडून त्याची ओळख पक्की करून घ्यावी. त्याचबरोबर ते झाड कोठे लावतात, केव्हा छाटतात आणि पाणी केव्हा बंद करतात, हेही विचारावे. कारण नाव सांगणारी व्यक्तीच बहुधा ही माहितीही जाणते, आणि दोन्ही एकाच बैठकीत मिळतात.

ही नोंद ऑक्टोबर ते जानेवारी या काळात करणे इष्ट. त्या वेळी झुडूप फुलावर असते आणि पिवळीची ओळख दुरूनही पटते.